शिक्क्याशेजारच्या खुणा

मुंबईहून परत आल्यापासून वाचनालयात जो येतो तो एकच विचारतो, "काय बाई, समुद्र पाहिला का?" पाहिला. बसच्या खिडकीतून, दोन इमारतींच्या मधल्या फटीत दिसला, आणि तेव्हाही मी अर्धवट झोपेत होते. समुद्राबद्दल माझ्याकडून कुणी जास्त अपेक्षा करू नये. पाच दिवसांत मी मुंबई पाहिली ती वाचनालयांच्या खुर्च्यांवर बसून आणि लोकांच्या जिन्यांवर उभी राहून. गुडघे अजून बोलतात. पण आपल्या गावातले बरेच जण तिकडे गेलेले नाहीत, काही जाणारही नाहीत, आणि मी तिथे एक चूक करून आले आहे. ती माझ्या तोंडून कळावी म्हणून हे लिहिते.

मला पाठवलं ते आपल्या वाचनालयाच्या समितीनं. सत्तावीस वर्षं मी इथं टेबलामागे बसले. आता लोक येत नाहीत, तर पुस्तकं घेऊन आपणच लोकांकडे जावं, अशी अध्यक्षांना कल्पना सुचली. "मुंबईत असं चालतं म्हणे, जाऊन बघून या," म्हणाले. अध्यक्षांचं काय, त्यांना उंटावरून शेळ्या हाकायच्या असतात. परभणीपासून मुंबईपर्यंत रात्रभर बसून जायचं ते मला. तरी गेले, कारण लालबागला सुलभा आहे. ग्रंथपालनाच्या वर्गाला आम्ही एका बाकावर होतो, आणि तिची घरपोच पुस्तकांची फेरी गेली नऊ वर्षं एकही बुधवार न चुकता चालू आहे.

सोमवार, ठाकूरद्वार

उतरले माझी मावसबहीण नंदा हिच्याकडे. ठाकूरद्वारच्या एका वाडीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी. आपल्याकडे पाहुणा आला की आधी पाणी देतात, मग गूळ नाहीतर चहा. नंदानं पाणी दिलं आणि सोबत वेळापत्रकही दिलं.

"शैले, पाणी साडेचारला येतं आणि सहाला जातं. तुझी आंघोळ पावणेपाचला. चालेल ना?"

"न चालून काय करू?"

"मग झालं तर. झोप आता, संध्याकाळी पियुष आणते."

पियुष चांगलं होतं, फक्त आपल्याकडच्या चार माणसांच्या श्रीखंडाची साखर त्या एका पेल्यात होती. पहाटे साडेचारला मात्र गॅलरीभर बादल्यांचा जो आवाज सुरू झाला, तो पुढे रोज माझा गजर होता. त्या आठवड्यात मी एकही दिवस पुरती झोपले नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही. की सांगते आहे, कोण जाणे.

दुपारी गिरगावातलं एक जुनं वाचनालय पाहिलं. वर्तमानपत्रांच्या दालनात एका रिकाम्या खुर्चीवर बसले, तर पाचच मिनिटांत एक आजोबा समोर येऊन उभे राहिले. बोलेनात. नुसते उभे. मी हसले, ते हसले नाहीत. शेवटी तिथल्या ग्रंथपाल बाई धावत आल्या.

"मॅडम, ही यांची खुर्ची. तीन ते पाच."

"नाव लिहिलंय का हिच्यावर?"

"नाही हो, पण सगळ्यांना माहीत आहे."

मी उठले. आजोबा बसले, खिशातून स्वतःचा रुमाल काढून टेबल पुसलं आणि पेपर शेवटच्या पानापासून वाचायला घेतला. बाईंनी मला सांगितलं की ते आले नाहीत तर त्या चार वाजता त्यांच्या घरी फोन करतात. आपल्याकडे कोण किती दिवस आलं नाही हे मी कधी मोजलं नव्हतं, आणि त्या फोनचं ऐकून मला माझंच थोडं वाईट वाटलं.

मंगळवार, लालबाग

सुलभाचं वाचनालय एका मंडळाच्या इमारतीत तळमजल्यावर आहे. बाजूला मसाल्याची गिरणी. आत शिरताना मी लागोपाठ सात वेळा शिंकले. सुलभा टेबलावरून ओरडली, "आली गं आली! नवीन माणूस शिंकल्यावरच कळतं आम्हाला."

ती होती तशीच आहे, फक्त केस पांढरे, आणि एका खांद्यावर जड पिशवी उचलून उचलून तो खांदा खाली उतरलेला. दोन खोल्या. एकीत परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं माना खाली घालून बसलेली. दुसरीत पुस्तकं, आणि दाराजवळ एक वेगळं लोखंडी कपाट. त्याला ती 'फिरतं कपाट' म्हणते. दीडेकशे पुस्तकं असतील, जरा मोठ्या टायपातली, पानं मऊ पडलेली. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा वाचकांकडे यातली पुस्तकं जातात. दर बुधवारी सुलभा बारा-पंधरा पुस्तकं पिशवीत भरते आणि घरोघरी जाते. वाचक पिशवीतून आपली आपण निवडतात.

"तू निवडून नाही देत?" मी विचारलं.

"मी कोण निवडणारी? त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं."

दुपारी तिला वॉर्ड ऑफिसला जायचं होतं. जाताना म्हणाली, "तू आता निवांत बस. काही म्हणजे काही करू नको. डोळे बघ कसे झालेत तुझे."

मी बसले. अर्धा तास बसले. पण रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं आमच्या धंद्यात रिकामा ग्रंथपाल दुसऱ्याचं कपाट उघडतो. उघडलं. आता वाचनालयाबाहेरच्या लोकांना एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक वाचनालय आपला शिक्का पहिल्या पानावर तर मारतंच, पण आत आणखी एका ठरलेल्या पानावरही मारतं. कुणी पहिलं पान फाडून पुस्तक लांबवलं तरी ते ओळखता यावं म्हणून. आपलं ते पान कोणतं हे मी इथे लिहिणार नाही. सुलभाचं एकवीस. दुसऱ्याच्या वाचनालयात गेलं की आमचा हात आपोआप ते पान शोधतो, बायका लग्नात दुसरीच्या साडीचा पदर उलटून बघतात तसा.

तर एकविसावं पान उघडलं, आणि माझा जीव खालीवर झाला. जांभळा गोल शिक्का, आणि त्याच्या भोवती पेन्सिलीच्या रेघोट्या. कुठे दोन आडव्या रेघा, कुठे फुली, कुठे बारीकसा गोल आणि त्यात ठिपका. दुसरं पुस्तक काढलं, तेच. तिसरं, तेच. शिक्क्याचं पान म्हणजे आमचं देवघर. आम्हाला वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की परत आलेल्या पुस्तकातली पेन्सिल त्याच दिवशी खोडायची. सुलभा माझ्याच बाकावर होती. मला वाटलं, बिचारी एकटी, तिला वेळ कुठे मिळतो.

टेबलाच्या खणात रबर सापडलं. मी बसले आणि खोडत सुटले. अडीच तासांत ते अख्खं कपाट झालं. काही रेघा अगदी दाबून काढलेल्या होत्या, त्यांना जोर लावावा लागला. किती दिवसांत मला एवढं समाधान मिळालं नव्हतं. सुलभा आली तेव्हा इतकी दमलेली होती की मी काही सांगितलं नाही. चांगलं काम करून लगेच सांगू नये, उद्या तिचं तिला दिसेल, म्हणून गप्प बसले.

बुधवार, लालबागच

सकाळी गल्लीत सगळीकडे मासे तळल्याचा वास होता. मार्गशीर्ष चालू होता. सुलभा म्हणाली, काही घरांत महिनाभर बंद, पण बऱ्याच घरांत फक्त गुरुवारी, म्हणून बुधवारी जरा जास्तच. आपल्याकडे भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी यावर आठवडे निघतात. इथे आठवड्याचा वारच माशांवरून ओळखतात.

आमच्या फेरीतलं पहिलं घर एका नव्या टॉवरमध्ये होतं. तिथे पूर्वी गिरणी कामगारांची चाळ होती, ती पाडून तेवीस मजली इमारत झाली, आणि चाळीतली माणसं जिथल्या तिथे उभी रचली गेली. सुलभा खाली वॉचमनच्या वहीत सही करत होती तोवर मी चुकून ए विंगच्या लिफ्टमध्ये शिरले, पुस्तकं घेऊन एकोणिसाव्या मजल्यावर एका अनोळखी दारात उभी राहिले, आणि तिथल्या बाईंनी "नको, नको, आमच्याकडे आहे" म्हणून दार लावलं. काय आहे त्यांच्याकडे ते कळलं नाही. खाली येऊन पुन्हा बी विंगला, एकोणिसावा मजला.

परबकाकू दाराशेजारीच खुर्चीत बसल्या होत्या. ऐंशी उलटलेल्या, बारीक, नाकात मोत्याची चमकी, हातात भिंग. सुलभानं वाटेतच त्यांच्याबद्दल सांगितलं होतं. काकू लग्न होऊन मालवणकडून आल्या, चाळीत गिरणी कामगारांची खानावळ चालवली, वीस माणसं जेवायला. गिरण्या बंद पडल्या, माणसं गेली, खानावळ बसली. तेव्हा हातात वेळ आला, तर चाळिशीत वाचनालयाच्या वर्गाला बसून वाचायला शिकल्या. त्यानंतर थांबल्या नाहीत.

"इलंस गो सुलभा? आणि ही खंयची?"

"परभणीची, काकू. माझी मैत्रीण. ग्रंथपाल आहे."

"परभणी? थंय मासे गावतत?"

"नाही हो काकू," मी म्हटलं.

"मगे तुमी खातंत काय?" त्यांनी फार काळजीनं विचारलं.

सून मानसी आतून चहा घेऊन आली. बुधवारी ती घरून काम करते, गळ्यात हेडफोन तसेच होते. तिचेही डोळे माझ्यासारखेच, न झोपलेल्या बाईचे. सुलभानं पिशवी काकूंच्या पायाशी ठेवली. काकूंनी वरचं पुस्तक उचललं, नाव वाचलं आणि म्हणाल्या, "ह्या वाचलंय मी."

"बघा पान," सुलभा म्हणाली. सवयीनं म्हणाली, हसत.

काकूंनी भिंग लावून पुस्तक उघडलं. माझी नजर पानाच्या आकड्यावर गेली. एकवीस. त्या पानावर त्या बराच वेळ वाकून होत्या.

"खूण नाय."

"दुसरं बघा," सुलभा म्हणाली.

दुसरं उघडलं. "ह्या तर लीलान दिल्यान माका. मी वाचलंय. वाचलंय मी." पान कोरं. तिसरं. कोरं. काकू पानं मागे-पुढे करायला लागल्या, वीस, बावीस, पुन्हा एकवीस.

मानसी खाली बसली. आवाज वाईट नव्हता तिचा, थकलेला होता. "आई, असू दे. होतं असं." मग आम्हाला म्हणाली, "शनिवारी डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे. मागच्या महिन्यात दूध ठेवलं आणि विसरल्या, सगळा गॅस... नशीब शेजारच्यांना वास आला. दिवसभर घरात कोणी नसतं हो. नणंद म्हणते बदलापूरला माझ्याकडे ठेवा, मी घरीच असते. पण ह्या म्हणतात, माझं डोकं चांगलं आहे, मी पुस्तकं वाचते, खुणा करते, मला सगळं आठवतं." तिनं कोऱ्या पानाकडे बोट केलं. "आता तुम्हीच बघताय."

"त्याच्यात काय होता सांगू?" काकू एकदम म्हणाल्या. "त्याच्यात ती बाय आसा, ती विहिरीर..." आणि थांबल्या. पुढचं येईना. ओठ हलत होते. मग त्यांनी भिंग पदराला पुसलं आणि मांडीवर ठेवलं.

"मगे मी वाचलंय काय? की वाचूकच नाय?"

उत्तर माझ्याकडे होतं. मी द्यायला हवं होतं. माझ्या हातात चहाचा कप होता आणि मी त्यातल्या सायीकडे बघत होते. मला सगळं त्याच क्षणी कळलं होतं, अगदी रेघन् रेघ. आणि मी बोलले नाही. परक्या घरात, सुलभासमोर, त्या सुनेसमोर, माझी जीभ उचलेना.

"सुलभा, घेऊन जा गो सगळी. माका नको आज."

लिफ्टमध्ये सुलभानं त्यातलंच एक पुस्तक उघडलं. पानाच्या घडीतून रबराचा चुरा तिच्या तळहातावर पडला. तिनं तो पाहिला, मग मला.

"शैला, तू काल...?"

"मला वाटलं घाण झालंय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती लिफ्टच्या आकड्यांकडे बघत बोलायला लागली. "चाळीतल्या बायकांनी सुरू केलं ते. शिक्क्याचं पान लगेच सापडतं म्हणून तिथे. वाचून झालं की आपली खूण. काकूंच्या दोन रेघा. लीलाकाकूंचा गोल आणि ठिपका. फुली ए विंगमधल्या सावंतबाईंची. आपण काय वाचलं ते कळावं म्हणून, आणि दुसरीला कळावं म्हणून. लीलाकाकूंचा गोल असला की काकू ते पुस्तक घ्यायच्याच. मी पिशवी भरते ती त्याच खुणांवरून, शैला. कोणाला काय द्यायचं मला कुठे कळतंय? मी त्यांच्याकडूनच शिकले."

"लीलाकाकू कुठे राहतात? त्यांना विचारून..."

"दोन वर्षं झाली त्यांना जाऊन."

लिफ्ट खाली आली, दार उघडलं. सुलभा म्हणाली, "वर जाऊन सांग त्यांना. मी नाही सांगणार. मी सांगितलं तर त्यांना वाटेल समजूत घालतेय."

आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "उद्या त्यांच्याकडे गुरुवारची पूजा असेल, बायका येतील. परवा जाते." त्याच लिफ्टनं त्याच पावली वर जायला हवं होतं. गुडघे दुखताहेत, झोप नाही, अजून नऊ घरं बाकी आहेत, असं मी मनाशी म्हणत राहिले. एका म्हातारीला मी माझ्या दमणुकीपायी दोन रात्री तसंच ठेवलं. एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं, आणि वाईट वाटूनही मी गेले नाही.

गुरुवार, दादर आणि माटुंगा

ठरल्याप्रमाणे दादरला गेले. तिथल्या एका वाचनालयात पुस्तकं स्कूटरवरून घरपोच जातात, वाचक मोबाइलवर यादी पाठवतात. सगळं टापटीप. वहीत लिहून घेतलं, अध्यक्षांना आवडेल असं. संध्याकाळी तिथेच एका लेखिकेची वाचकांशी भेट होती. श्रोते चौदा, त्यांतले पाच बटाटेवड्यांसाठी आलेले, हे तिथल्या ग्रंथपालांनी मला आधीच बोटानं दाखवून दिलं. पण लेखिका मनापासून बोलली. एका निवृत्त मास्तरांनी तिला विचारलं की तुमच्या गोष्टीतली आई शेवटी मुलाकडे का गेली, तिला जायचं नव्हतं. लेखिका म्हणाली, "हो, नव्हतं जायचं. मी चुकले तिथे." मास्तरांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. इतक्या लोकांसमोर ती ते किती सहज म्हणाली. मी मागच्या रांगेत बसून वडा खात होते, तो अर्धा तसाच कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला.

त्याआधी दुपारी माटुंग्याला जाऊन आले होते. तिथली इडली आणि कॉफी चुकवू नको असं नंदानं बजावलं होतं. कॉफी पितळी वाटीसकट येते, ती वाटीत ओतून गार करायची. मी ती साडीवर ओतली. वेटर म्हणाला, "होता है, मौसी, पहली बार होता है." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुलवाले बसले होते, गुरुवार म्हणून केळीची पानं आणि हारांची गर्दी. सगळ्या मुंबईत पूजा चालली होती आणि एकोणिसाव्या मजल्यावर काय चाललं असेल याखेरीज माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

रात्री नंदाला सगळं सांगितलं. तिनं डाळ ढवळता ढवळता ऐकलं. "हात दाखवून अवलक्षण," म्हणाली. मग म्हणाली, "सकाळी आंघोळीला पहिला नंबर तुझा. सात वाजता पोच तिथे, सून ऑफिसला जायच्या आत."

शुक्रवार, एकोणिसावा मजला

सुलभा सोबत आली नाही. तिनं फक्त बुधवारची ती तीन पुस्तकं आणि एक पेन्सिल माझ्याकडे दिली.

मानसी डबा भरत होती. काकू त्याच खुर्चीत, पण तोंड भिंतीकडे. भिंग टीव्हीवर ठेवलेलं. कालच्या पूजेचा कलश अजून पाटावर होता.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर पुन्हा गप्प राहिले असते. "काकू, त्या खुणा मी पुसल्या. मंगळवारी. सुलभा नव्हती तेव्हा. मला माहीत नव्हतं त्या कसल्या आहेत. तुम्ही ती पुस्तकं वाचलेली आहेत. तुमचं बरोबर होतं."

काकूंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं चिडतील, मग सुटका झाल्यासारखं वाटेल त्यांना. तसं काहीच झालं नाही.

"तुका मानसीन शिकवल्यान काय?"

"नाही हो काकू."

"मगे सुलभान. म्हातारेक बरा वाटूचा म्हणान. जा गो बाय, तुझी गाडी चुकात."

मानसी डबा हातात धरून दारात आली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिलाही ते खरं वाटत नव्हतं. म्हातारीची समजूत काढायला आलेली भली बाई, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. सत्तावीस वर्षं मी लोकांना सांगत आले की पुस्तकावर काही लिहू नका, आणि आता पुस्तकावर लिहिलेलं होतं हेच पटवू शकत नव्हते.

मग मला त्या दाबून काढलेल्या रेघा आठवल्या, ज्यांना जोर लावावा लागला होता. मी पुस्तक घेऊन खिडकीपाशी गेले, एकविसावं पान उघडलं, आणि ते उजेडाला आडवं, अगदी डोळ्यांच्या रेषेत धरलं. काळं गेलं होतं, पण खाच राहिली होती. शिक्क्याच्या डावीकडे, एकाखाली एक, दोन.

मी ते पान काकूंच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांचं बोट धरून तिथे नेलं. भिंग घेतलं नाही त्यांनी. नखानं हळूहळू चाचपलं, एकदा, दोनदा. खानावळीत वीस माणसांच्या भाकऱ्या थापलेलं बोट होतं ते, त्याला अजून सगळं कळत होतं.

"हंय काय तरी आसा."

"दोन आहेत का बघा."

"दोन आसत." त्यांचा आवाज बदलला. "ह्यो माझ्योच. मी दाबून काढतंय. सुलभा बोलता, काकू पान फाटात."

दुसरं पुस्तक त्यांनी माझ्या हातातून ओढूनच घेतलं. तिसरंही. तिन्हींत होत्या.

"मानसी, हंय ये."

मानसी आली, खाली बसली. काकूंनी तिचं बोट धरलं आणि खाचेवर टेकवलं. मानसीनं डोळे मिटले आणि बराच वेळ बोट तिथेच ठेवलं.

"आता तू परत सांग," काकू मला म्हणाल्या. "मोठ्यान."

मी मोठ्यानं सांगितलं. त्यांनी आणखी एकदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगताना मला रडू आलं, तरी त्यांनी सोडलं नाही, पुरं करायला लावलं.

"आई," मानसी म्हणाली, "दूध ठेवून विसरलात तेही खरं आहे ना पण?"

"ता खरा. दूध इसरलंय. ह्या नाय इसरलंय." काकू म्हणाल्या. "डॉक्टराक दोनय सांगूया. जाऊया उद्या. माका भिया नाय."

मानसीनं मान हलवली. ऑफिसला उशीर होत होता, पण ती उठली नाही. मी पेन्सिल पुढे केली. काकूंनी तिन्ही पुस्तकांत आपल्या खाचांवरून पेन्सिल फिरवली, पहिल्यापेक्षाही जास्त दाबून. मग त्यांचं बोट शिक्क्याच्या पलीकडे गेलं. उजवीकडे, वर, खाली, पुन्हा वर. नखानं शोधत राहिल्या.

"लीलाची खंय?"

मी पान पुन्हा उजेडात आडवं धरलं. तिरकं केलं, फिरवलं. दुसरं पुस्तक पाहिलं, तिसरं पाहिलं. कागद सपाट होता.

"दिसत नाही, काकू."

"तिचो हात हलको होतो," त्या म्हणाल्या.

मी पेन्सिल उचलली. म्हटलं, तुम्ही सांगा कुठे होता, मी गोल काढते, मधे ठिपका देते. काकूंनी माझा हात धरून बाजूला केला. रागानं नाही.

"ती खूण तिची. तू काढू नको, मीय नाय काढूचंय." त्यांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि सुनेकडे पाहिलं. "हंय होती. शिक्क्याच्या उजवीकडे. मी सांगतंय म्हणजे होती."

मानसी वाकून त्या कोऱ्या जागेकडे बघत होती.

"हो आई," ती म्हणाली. "होती."